कोरडी चेन

“काका, मराठीच ना?”

उतारावर दोन्ही ब्रेक दाबून मी खाली येत होतो. नजर खडीवर होती, त्यामुळे समोरून चढत येणाऱ्या दोन सायकली अगदी जवळ येईपर्यंत दिसल्याच नाहीत. पुढच्या सायकलवर चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस होता. मागच्या सायकलवर सलवार-कमीज आणि त्यावर पुरुषी स्वेटर घातलेली बाई होती.

“कसं ओळखलंत?” मी विचारलं.

“त्या पिशवीवरनं.” माझ्या हॅण्डलला साताऱ्याच्या एका साडीच्या दुकानाची कापडी पिशवी अडकवलेली होती. “तेरा हजार फुटांवर साताऱ्याची पिशवी! शालन, बघ गं, आपला मानूस!”

त्याने सायकल रस्त्यावरच आडवी केली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. तो रावसाहेब चौगुले, गडहिंग्लजचा, फाउंड्रीत कामाला. ती त्याची बायको.

“आमची मालकीण,” तो म्हणाला. “म्हंजे खरोखरची मालकीण, काका. सायकलचं दुकान हिचं हाय. सासऱ्याचं हुतं. मी नुसता चालवणार. पंक्चर झालं की मी बाजूला बसून बिडी ओढायची, आनि हिनं काढायचं.”

“तुमच्या हातात दिलं तर टायर तरी ऱ्हाईल का?” ती म्हणाली.

मी हसलो. अकरा दिवसांत पहिल्यांदा मराठी ऐकत होतो. मी माझं आडनाव, केळसकर, सांगितलं आणि कॉलेजच्या ग्रंथालयात असतो म्हणालो. वय सत्तावन्न, हेही त्यानेच विचारून घेतलं.

“एकटंच?”

“हो.”

“आनि वरनं आलासा? नोरलुंगची खिंड चढून?”

“हं,” मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. रावसाहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग त्या खडीच्या रस्त्यावर वाकून माझ्या पाया पडला. मी “अहो, अहो” करत मागे सरकलो. मागे सरकताना माझी सायकल कलंडायला लागली, ती शालनने धरली. मग ती सायकलपाशी उकिडवी बसली. दुकानात गिऱ्हाइकाची सायकल आल्यावर बसावं तशी. एका बोटाने तिने पेडल उलटं फिरवलं, चेन सरसर फिरली. पेडलात अडकलेला काहीतरी धागा तिने काढून टाकला.

“चेन लई चांगली ठेवलीया काकांनी,” ती म्हणाली.

“रोज पुसतो,” मी म्हणालो. ते खरं होतं, आणि मला त्या कौतुकाने बरं वाटलं, हेही खरं आहे.

लांबच्या रस्त्यावर समोरून सायकलवाला भेटला की आम्हा लोकांत एक रीत असते. थांबायचं आणि रस्ता द्यायचा. तुमच्या मागचा रस्ता त्याच्या पुढचा असतो, त्याच्या मागचा तुमच्या पुढचा. पाणी कुठे आहे, नाला किती खोल आहे, कुठे कुत्री लागतात, कुठे झोपायला मिळतं, हे सांगायचं. आमच्या साताऱ्याच्या सायकल क्लबातली पोरं पहिल्याच दिवशी शिकवायची की जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच द्यायचं. नकाशा प्रत्येकाकडे असतो.

रावसाहेबाने त्याचा रस्ता मला दिला. “हितनं दोन किलोमीटर खाली पूल. पुलापाशी तीन तंबू. पयल्यात जाऊ नका, तितलं कुत्रं चावत न्हाई पण पिशव्या पळवतं. हिचा एक मोजा नेला.”

“तुमचा नेला,” शालन म्हणाली. “माझा वाळत हुता.”

“बरं, माझा. तिसऱ्या तंबूत आंगमो म्हनून बाई हाय. डाळ झकास करती. आता तुमचा द्या. वर, खिंडीच्या पल्याड, तंबू हाय का काका?”

दुपारचा दीड वाजला होता. खिंड तिथून नऊ किलोमीटर वर. त्यांच्याजवळ स्वतःचा तंबू नव्हता. दोन पातळ ब्लँकेटं आणि एक प्लास्टिकचा कागद, एवढंच मागे बांधलेलं होतं. रावसाहेबाला आजच खिंड पार करायची होती. शालनचं म्हणणं होतं की मागे फिरावं, आंगमोकडे झोपावं आणि उद्या पहाटे निघावं. पुलापासून वर येताना सबंध दोन किलोमीटर त्यांचा हाच वाद चालला होता.

“पल्याड निवारा असंल तर जायाचं,” शालन म्हणाली. “नसंल तर मी हितनंच फिरनार. आता काका सांगतील तसं.”

मी पिशवीतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पान शोधलं आणि वाचलं, “खिंड उतरल्यावर चार किलोमीटर. डाव्या हाताला ओढा. ओढ्याकाठी तंबू. चहा, डाळभात, सहा जणांची झोपण्याची सोय.” आणि वही मिटताना म्हणालो, “रजया आहेत.”

रजया वहीत नव्हत्या. ते मी पदरचं घातलं.

“बघा, लिवून ठेवलंय काकांनी,” रावसाहेब म्हणाला. “आता बोल.”

शालनने वहीकडे बघितलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. “मग काय,” ती म्हणाली. “चला.”

दोघं निघाली. पहिल्या वळणावर रावसाहेबाने मागे न बघता हात वर केला. त्याच्या करिअरवर वाळत टाकलेला एकच मोजा हलत होता.

मी नोरलुंग चढलो नव्हतो.

त्या दिवशी पहाटे खिंडीच्या पलीकडच्या गावातून मी निघालो होतो. तीन किलोमीटर चढलो. मग श्वास पुरेना. उतरून सायकल ढकलली, दहा पावलं चालायचो आणि हॅण्डलवर डोकं टेकून उभा राहायचो. एका दगडावर बसून ओकलो. डोकं ठणकत होतं, पण त्याहीपेक्षा मी घाबरलो होतो. आजूबाजूला झाड नाही, माणूस नाही, नुसते तपकिरी डोंगर, आणि त्यांच्यापुढे आपण इथे काय करतो आहोत हा प्रश्न. तेवढ्यात मटारची पोती भरलेला एक ट्रक आला. त्या भागातला मटार भादव्यात खाली जातो. ड्रायव्हर थांबला. पुढे जागा नव्हती, म्हणून सायकल मागे पोत्यांवर चढवली, आणि तिच्याशेजारी मी.

ताडपत्री ओढून घ्या, असं मीच क्लीनरला सांगितलं. थंडी वाजतेय म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. एखादा सायकलवाला समोरून आला आणि त्याने मला सायकलीसकट ट्रकमध्ये बघितलं तर, ही धास्ती होती. तीन तास मी मटारच्या वासात, ताडपत्रीच्या हिरव्या अंधारात आडवा होतो. खिंड कधी आली, कधी गेली, मला कळलं नाही. वर रस्त्यावरून पाणी वाहत होतं एवढं चाकांच्या आवाजावरून कळलं. ओढा, तंबू, यातलं मी काहीही बघितलं नाही. पुलाच्या चार किलोमीटर अलीकडे टपावर थाप मारून ट्रक थांबवला. तंबूंपाशी सायकलवरून पोचायचं होतं.

आणि ती वही. दोन हिवाळे ग्रंथालयात बसून मी ती उतरवून काढली होती, एका जुन्या प्रवासमार्गदर्शकातून. ते पुस्तक अकरा वर्षांपूर्वी छापलेलं होतं.

साताऱ्याला क्लबच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. मी ज्या गावाहून फोन करीन तिथे पोरं लाल टाचणी लावत होती. खिंडीवर लावायची टाचणी मोठ्या डोक्याची होती, मला निघताना दाखवली होती. आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाचणी वगैरे लावलेली नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण नाहीच.

आंगमोच्या तंबूत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पन्नाशीची, गालांवर उन्हाने चिरा पडलेली बाई. तिने चहा दिला. कोपऱ्यात एक माणूस गुंडाळलेल्या कनातीवर बसून दोर सोडवत होता.

“वरचे पाहुणे?” तिने हिंदीत विचारलं. “खिंडीवरून?”

मी मान हलवली.

“हा माझा भाऊ. पलीकडचा ओढ्यावरचा तंबू याचाच. चार दिवस झाले काढून आणला. यंदा थंडी लवकर पडली, गिऱ्हाईकही नाही.” आणि मग सहज म्हणाली, “तुम्ही तर तिथूनच आलात. जागा रिकामी दिसली असेल.”

कप माझ्या हातात होता. “लक्ष गेलं नाही,” मी म्हणालो.

भावाने वर बघितलं. त्या उघड्या माळावर एकच ओढा, एकच सपाट जागा. लक्ष न जायला तिथे दुसरं काही नाही, हे त्याला माहीत असणार. पण तो पुन्हा दोर सोडवू लागला. ज्या तंबूत मी रजया घातल्या होत्या, त्याचीच ती कनात होती.

पंधरा-वीस मिनिटांनी एक जीप आली, वरच्या बाजूला जाणारी. मागे डिझेलचे कॅन होते. ड्रायव्हर उतरून चहा प्यायला. माझ्यापासून चार हातांवर बसला होता. मी मनात हिंदी वाक्य जुळवलं. वर दोन सायकलवाले भेटतील, नवरा-बायको, त्यांना सांगा पलीकडे तंबू नाही, परत फिरा. वाक्य सोपं होतं. पण तो विचारणार, त्यांना कुणी सांगितलं तंबू आहे म्हणून? आंगमो विचारणार, तुम्ही आलात ना तिथून? मी ते वाक्य पुन्हा जुळवलं. छापायला जाण्यापूर्वी मजकूर तपासावा तसं तीनदा तपासलं. ड्रायव्हरने कप ठेवला, पैसे दिले, जीप सुरू केली.

मी उठलो. दोन पावलं बाहेर गेलो आणि हात अर्धा वर केला. ड्रायव्हरला वाटलं, मी निरोप देतोय. त्यानेही हात हलवला आणि गेला.

मग मी स्वतःला सांगितलं की ती दोघं शहाणी आहेत, वर ढग बघून परततील. सांगितलं की शालन रावसाहेबाला परत आणील. पिशवीतलं पुस्तक काढून वाचत बसलो. चार वाजता खिंडीची बाजू पांढरी झाली. आंगमोने बाहेर जाऊन वर बघितलं आणि तंबूचे दोर आवळले. मी पान उलटलं. ते पुस्तक कुठलं होतं आठवत नाही, पण पान उलटल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला रस्तादुरुस्तीचा एक टिपर वरून आला. त्यात ती दोघं होती. सायकली मागे खडीवर पडलेल्या. दोन माणसांनी रावसाहेबाला धरून उतरवलं. त्याचे ओठ काळेनिळे होते आणि श्वास वाजत होता. शालन आपली आपण उतरली. उजवा हात तिने स्वेटरच्या आत, काखेत दाबून धरला होता.

आंगमोने कोमट पाण्याचं पातेलं पुढे ठेवलं. शालनने हात बाहेर काढला. तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होती. पाण्यात घातल्यावर ती ओरडली नाही. नुसते डोळे मिटले.

रावसाहेबाने मला बघितलं आणि त्या अवस्थेतही हसायचा प्रयत्न केला.

“काका, तंबू घावला न्हाई बगा. लई शोधला.”

मी त्याच्याजवळ बसलो.

“गारा पडत हुत्या. ही म्हनली, ऱ्हाऊ दे, पुढं जाऊ. मी म्हनलं, काकांनी लिवून ठेवलंय, असनारच. आपलंच चुकत असंल. वड्याच्या ह्या अंगानं गेलो, त्या अंगानं आलो. दोनदा वडा वलांडला, माझं हातमोजं भिजलं. हिनं हिचं मला दिलं.” तो थांबून श्वास घेत होता. “मग रस्त्याखालच्या मोरीत शिरून बसलो. तंबू कवा काढला वो त्यांनी?”

आंगमोचा भाऊ बाहेर टिपरवाल्यांशी बोलत होता. आंगमोला मराठी येत नव्हतं.

“काल दुपारी काढला म्हणे,” मी म्हणालो. “मी पुढे आल्यावर.”

“तरीच,” रावसाहेब म्हणाला. “मी हिला तेच म्हनत हुतो. काकांची चूक न्हाई. नशीबच आपलं.”

शालनने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग पाण्यातल्या बोटांकडे बघितलं. अर्ध्या तासाने त्याच टिपरने त्यांना खालच्या गावातल्या इस्पितळात नेलं. जाताना रावसाहेबाने माझा पत्ता मागून घेतला. मी लिहून दिला, चांगल्या अक्षरात.

साताऱ्याला खिंडीवर मोठ्या डोक्याची टाचणी लागली. शाल, श्रीफळ, फोटो. मी चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला. मी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

रावसाहेबाची पत्रं यायची. प्रकृती बरी आहे, फुप्फुसात पाणी झालं होतं ते गेलं, शालनच्या बोटांवरचं कातडं नवीन आलं, बोटं वाचली, काकांनी एकदा यावं. आठ महिने मी उत्तरात हवापाणी लिहिलं. मे महिन्यात एसटीने गडहिंग्लजला गेलो.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. लाकडी फळ्या, छपराला टांगलेल्या रिंगा, दारात हवेचा पंप. शालन पाटावर बसून एका चाकाचा मधला भाग उघडत होती. रावसाहेब मला बघताच खुर्चीवरून उडालाच.

“हेच ते काका!” हवा भरायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना तो सांगू लागला. “सत्तावन्न वय, आनि एकट्यानं नोरलुंग! आमाला रस्ता ह्यांनीच दिला. आमी निघालोच नशीब खोटं घेऊन, त्याला हे काय करनार?”

गिऱ्हाइकांनी मला नमस्कार केला. मी केला. रावसाहेब चहा आणायला गेला, “पेशल सांगतो” म्हणत. गिऱ्हाइकंही गेली.

मी पायरीवर बसलो. शालन ग्रीसमधून एकेक छर्रा काढून झाकणात टाकत होती. प्रत्येक छर्रा उचलताना ती मान वाकवून बोटांच्या अगदी जवळ बघायची.

“शालनताई,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी खिंड—”

“तुमची चेन कोरडी हुती, काका,” ती म्हणाली. मान वर न करता.

मी तिच्या हातांकडे बघितलं.

“वर सगळा रस्ता पान्याचा. तिथनं आलेली सायकल म्हंजे चेनीत राखंवानी चिखूल पायजे. तुमची चेन देवघरात ठेवल्यागत हुती. आनि पेडलात पोत्याची सुतळी.” तिने एक छर्रा डोळ्यांजवळ धरला आणि झाकणात टाकला. “तवाच कळलं, ट्रकातनं आलासा. आलासा तर आलासा. वयाची मानसं येत्यात. त्यात लाजायचं काय हाय? ह्यांच्यादेखत बोलले न्हाई, तुमाला वाईट वाटंल म्हनून.”

“तरी तुम्ही गेलात?”

“जानारच की. ट्रकातनं बी मानसाला दिसतं. म्हनलं, बघितलंय, लिवून ठेवलंय, मग खोटं कशाला सांगतील?” ती थांबली. “तेवढं एकच मला अजून कळलं न्हाई. तंबू चार दिवस आदी काढलेला. त्या बाईचा भाऊ टिपरवाल्यांना हिंदीत सांगत हुता, मी ऐकलं. मग ट्रकातनं जाताना तुमाला काय दिसलं?”

हे तिला माहीत नव्हतं. आठ महिने ती याच प्रश्नापाशी थांबली होती, आणि अजूनही माझ्यासाठी वाट ठेवून विचारत होती. दुसरीकडचा ओढा असेल, दुसरा तंबू असेल, असं मी म्हणालो असतो तर तिने ऐकूनही घेतलं असतं.

“काही दिसलं नाही,” मी म्हणालो. “मी ताडपत्रीखाली होतो. मीच ओढून घेतली होती. कुणी बघू नये म्हणून. वहीतलं सगळं एका जुन्या पुस्तकातून उतरवलेलं होतं.”

शालनचे हात थांबले.

“आनि रजया?”

“त्या पुस्तकातही नव्हत्या.”

तिने चाक बाजूला ठेवलं. रस्त्याच्या टोकाला रावसाहेब दिसला, दोन्ही हातांत ग्लास, वाटेत कुणाला तरी थांबवून आमच्या दिशेला मान उडवत काहीतरी सांगत होता.

“ह्यांना सांगू नका,” ती हळू म्हणाली. “फाउंड्रीतलं काम सुटलं दम्यानं. आता दिसभर हितं बसून तुमचंच सांगत्यात लोकांना. तेवढं तरी ऱ्हाऊ दे त्यांच्याजवळ.”

ते मी पाळलं. रावसाहेब गेल्या वर्षी गेला, म्हणून आज लिहितो आहे.

तिने पुन्हा काम हातात घेतलं. अंगठा आणि दोन बोटांत धरलेला छर्रा निसटला, टणकन पायरीवर आदळून माझ्या चपलेखाली गेला. तिला कळलंच नाही. बोटं तशीच चिमटीत धरून ती झाकणाकडे नेत होती, रिकामी.

मी गुडघ्यांवर खाली बसलो आणि धुळीत चाचपडून छर्रा शोधून काढला. सदऱ्याला पुसून तिच्या त्याच बोटांवर ठेवला. तिने मूठ मिटली नाही. आधी मान वाकवून बघितलं, खरंच ठेवलाय का, आणि मगच मिटली.